ओटीवर मांडलेलं इस्फहान

आमच्या घरात कोणी लांब निघालं की सामानाची यादी मी करते. पहिली मोठी यादी केली ती इस्फहानची. इस्फहान हे इराणातलं जुन्या राजांच्या राजधानीचं शहर. आमचे हे आधी मुंबईच्या कापडगिरणीत फिटर होते. पन्नास सालानंतर कधीतरी तिथल्या एका गिरणीत माग बसवायच्या कामावर गेले. मी श्रीवर्धनला, सुपारीच्या वाडीत, सासूबाई आणि लहान मुलगी यांच्यासोबत.

रजेवर आले ते मला आणि मुलीला घेऊन जायचं ठरवूनच. माझी तयारी होती. यादीत लोकरीचे कपडे, आमसुलं, मेतकूट, पोहे, स्टोव्हच्या पिना, सगळं लिहून झालं होतं. राहिला होता सासूबाईंचा होकार. घरात त्यांचा शब्द चाले, आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायची ह्यांची छाती नव्हती.

मन वळवायला ह्यांनी शहराची चित्रकार्डं आणली होती. दुपारची जेवणं झाल्यावर ओटीवर चटई टाकून ती ओळीने मांडली. सासूबाई अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसल्या.

पहिलं चित्र मोठ्या चौकाचं. चारी बाजूंनी कमानी, एका टोकाला निळ्या घुमटाची मशीद.

"आई, ह्या घुमटाला रंग नाही हो. सगळ्या फरशा. मशीद राजाने बांधून घेतली."

"म्हणजे दरवर्षी चुना काढायला नको. शहाणा होता."

दुसरं, चाळीस खांबांच्या महालाचं. खांब खरे वीसच, पुढच्या तळ्यात त्यांची प्रतिबिंबं पडतात ती धरून चाळीस, हे ह्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"असं होय? मग मी विहिरीवर वाकले की तुझ्या बायकोला दोन सासवा!"

मला हसू आवरेना. हे मात्र गंभीरपणे पुढे सरकले. नदीवरचा कमानींचा पूल, पायऱ्यांवर बसलेली माणसं.

"धुणं इथे धुवायचं का?"

"आई, हा बघायचा पूल आहे. संध्याकाळी लोक चहा पीत बसतात."

"बरं."

शेवटचं चित्र ह्यांनी मुद्दाम राखून ठेवलं होतं. एका जुन्या थडग्यावरचे दोन मिनार. माणूस एकावर चढून तो हलवतो, की दुसराही आपोआप हलतो. लांबलांबून लोक ते बघायला येतात.

सासूबाईंनी कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. "त्यात काय रे? आपला गडी सुपाऱ्या काढताना एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरी धरतो, खाली उतरत नाही. दोन्ही हलतात. त्याला बघायला कोण येतं?"

मग अडकित्ता खाली ठेवून त्यांनी विचारलं, "राहायचं कुठे?"

हे कार्डांकडे बघत राहिले, जणू त्यांतच कुठेतरी घर असेल.

"सध्या गिरणीच्या खोलीत आहे. चौघं आहोत."

"ही पाचवी आणि पोर सहावी?"

"घर मिळेल हो, आई. शोधलं की मिळतं."

"पाणी कुठून भरायचं? चूल कुठे मांडायची? राजाच्या महालात?"

हे कार्डं गोळा करायला लागले. मला सासूबाईंचा राग आला होता, पण प्रश्न खोटे नव्हते. काय काय न्यायचं ते मी बारकाईने लिहिलं होतं. ते उतरवायचं कुठे, हे मीही विचारलं नव्हतं.

"आधी घर बघ," त्या म्हणाल्या. "त्याचं चित्र धाड. मग बोलू."

रजा संपली आणि हे एकटेच बोटीवर चढले. यादी मी फाडली नाही. डाळीच्या डब्याखाली घडी करून ठेवली.

भातकापणी उरकल्यावर पाकीट आलं. आत कार्ड नव्हतं, कोणाकडून तरी काढून घेतलेला लहानसा फोटो होता. मातीच्या भिंतींचं अंगण, मागे दोन दारं, एका दाराशी स्टोव्ह मुद्दाम बाहेर आणून ठेवलेला. मधे हापसा. त्याच्या दांड्याला एक हात लावून आणि दुसऱ्या हातात बादली धरून हे सरळ उभे. घुमट नाही, मिनार नाही. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच, की पुलापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

सासूबाई फोटो घेऊन खळ्यात उजेडाला गेल्या. चष्मा लावून पुष्कळ वेळ बघत होत्या. मुलगी पदराला लोंबकळत होती, तिला त्यांनी बोटाने दाखवलं, "हा बघ तुझा बाबा." मी दारात उभी. काय म्हणतात ते ऐकायला माझे कान टवकारलेले.

"बादली गळकी दिसते," त्या म्हणाल्या. "खाली बघ, सगळं ओलं झालंय. तिथे काय मिळतं देव जाणे. इथूनच चांगली बघून घे."

मी आत जाऊन डाळीचा डबा उचलला, आणि यादीच्या तळाशी बादली लिहिली.