शिलागिरिसची सुईण उभी राहिली तेव्हा

टेक्ले वाइचाइतिएने या बाईंना ओळखत नाही असं माणूस आमच्या शिलागिरिसमध्ये शोधून सापडलं नसतं. पस्तीस वर्षं त्या इथल्या छोट्या इस्पितळात सुईण होत्या. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हातांवर जन्मली. धाकटा निळा पडून आला, तेव्हा त्याला उलटा धरून त्या ओरडल्या होत्या, "रड रे आळशा, आई वाट बघतेय!" आणि तो रडला.

मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, आणि टेक्लेमावशी गायला यायच्या. सूर बेताचा, पण आवाज खणखणीत. बाई जुन्या वळणाच्या. शुक्रवारी मांसाला हात लावायच्या नाहीत. पोरांनी कानात डूल घातलेले दिसले की म्हणायच्या, "गुरांना बिल्ले मारतात ते ठाऊक होतं, हे नवीनच!" त्यांच्या आईवडिलांना एकेचाळीस साली सोव्हिएत सरकारने सैबेरियात धाडलं होतं. टेक्लेमावशींचा जन्म तिथलाच. चौदाव्या वर्षी त्या पहिल्यांदा लिथुआनियात आल्या. त्यामुळे देव, घर आणि आपली जमीन म्हणणाऱ्या पक्षाच्या त्या पहिल्या दिवसापासूनच्या सभासद.

दोन हजार सालच्या ऑगस्टमध्ये त्या पक्षाचा लिनास स्तोन्कुस नावाचा तरुण राजधानी विल्नियसहून उमेदवार शोधत त्यांच्या दारात आला. संसदेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. सरकार आमच्याच पक्षाचं होतं आणि लोक त्याच्यावर जाम चिडलेले होते. मी बरण्या उतरवायला गेलो होतो, आणि मावशी काकड्या मुरवायला घालत होत्या.

"तुम्हाला दुसरं कुणी मिळालं नाही, म्हणून माझ्याकडे आलात ना?" त्यांनी विचारलं.

स्तोन्कुस चाचरला. "खरं सांगू का मॅडम…"

"मग काय, खोटं सांगायला एवढ्या लांब आलात?"

"तिघांना विचारलं. तिघेही नाही म्हणाले."

मावशींनी हात पुसले आणि कपाटातून एक पत्र काढून त्याच्यापुढे ठेवलं. वर्षाला तीनशेपेक्षा कमी बाळंतपणं होणारे प्रसूती विभाग बंद करायचे, असं राजधानीतून आलं होतं. आमच्याकडे व्हायची एकशे बासष्ट. पुढचं इस्पितळ अठ्ठावन्न किलोमीटरवर, तेही जंगलातल्या रस्त्याने.

"हे थांबवायचं म्हणून मी उभी राहीन," त्या म्हणाल्या. "चालत असेल तर बघा."

तो गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, पत्र आपल्याच सरकारचं. आणि तुम्ही त्यांच्याच बाजूने उभ्या राहणार?"

"आपल्या घराला आग लागली तर काय शेजाऱ्याकडे जाऊन बसायचं? पाणी आतूनच मारावं लागतं रे, युवेन्सियुस."

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. माझी जुनी मोस्कविच होती, म्हणून त्यांना फिरवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. इस्पितळातली पाळी संपली की आम्ही निघायचो. एकाही दारातून आम्हाला उपाशी पाठवलं नाही. शहाजिरं घातलेलं पांढरं चीज, काळा पाव, मध, नुकतीच वेचलेली अळंबी आंबट सायीत परतून. मावशी सगळ्यांच्या पोरांची चौकशी करायच्या, कोण किती वजनाचं जन्मलं तेसुद्धा सांगायच्या. पक्षाची पत्रकं मात्र अनेकदा गाडीतच राहायची.

देगस्ने गावातल्या कोत्रिना आजींनी तर आमच्यासाठी कोंबडी मारली. जेवण झाल्यावर मावशींनी विचारलं, "मग आजी, मत कुणाला?"

"तुला कसं देऊ गं बाई?" आजी कळवळून म्हणाल्या. "तुला दिलं तर तू विल्नियसला जाणार. माझ्या नातसुनेला डिसेंबरात दिवस भरतायत. तिचं कोण करणार?"

"अहो आजी, मी नाही गेले तर तो विभागच बंद होईल!"

"विभाग बंद झाला तरी तू तर इथेच असशील ना?"

गाडीत बसल्यावर मावशी पोट धरून हसल्या. पुढच्या दोन गावांत मात्र त्यांनी आधी पत्रकं वाटली.

समोर उभा होता रापोलास ग्रिगोनिस, समाजवाद्यांचा. पूर्वीच्या सामुदायिक शेतीचा अध्यक्ष. पोट सुटलेलं, आवाज मोठा, गावोगावच्या गाईंची नावंसुद्धा पाठ. एका शनिवारी बाजारात दोघांची गाठ पडली आणि भोवती घोळका जमला.

"टेक्ले," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझा पक्ष म्हाताऱ्यांची पेन्शन कापतो आणि तू नवी माणसं जन्माला घालतेस. तुमचं जमतं तरी कसं?"

लोक हसले. मावशी म्हणाल्या, "पेन्शनचं चुकलं आमचं. ते मी लपवणार नाही. पण रापोलास, तुझ्या शेतीवर गाईंना डॉक्टर होता, दूध काढणाऱ्या बायांना नव्हता. त्यांच्यासाठी मी बर्फातून सायकल हाणत यायचे. आठवतं?"

त्याने टोपी काढली. "आठवतं. सायकल आमच्याच शेतीने दिली होती."

"ब्रेक नसलेली!"

यावर तो स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसला. त्याच्यावर रागावणं अवघड होतं, हीच आमची पंचाईत.

मतदानाआधीच्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता जिल्ह्याच्या रेडिओवर दोघांची समोरासमोर चर्चा ठरली होती. मावशींनी त्यासाठी आठवडाभर तयारी केली होती. आम्ही पाच वाजता निघालो. जंगलाच्या वळणावर एक माणूस हात हलवत रस्त्याच्या मधोमध उभा होता. बायकोला वेळेआधीच वेणा सुरू झाल्या होत्या आणि रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली.

"थांबव," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तासाभरात रेडिओ आहे."

"ते बाळाला जाऊन सांग."

बाळ पायाळू होतं. आता तिला कुठे हलवायची सोय नव्हती. मी स्वयंपाकघरात पाणी तापवत होतो आणि आतून मावशींचा आवाज येत होता, कधी दटावणारा, कधी लाडीगोडीचा. फळीवरचा रेडिओ चालूच होता. सहा वाजता निवेदक म्हणाला की एक उमेदवार आलेल्या नाहीत. बाळाचा बाप चपापून तो बंद करायला धावला.

"राहू दे!" आतून मावशी ओरडल्या. "ऐकू दे तरी काय म्हणतोय तो."

रापोलासने घसा खाकरला. "लोकहो, टेक्ले आली नाही याचा अर्थ कुठेतरी कुणीतरी बाळंत होतंय. घाबरून पळणारी बाई नव्हे ती. पण मी म्हणतो, असा माणूस आपण विल्नियसला घालवायचा का?"

"लबाड कोल्हा," मावशी म्हणाल्या. लगेच त्यांचा सूर बदलला. "आता जोर लाव, पोरी! आत्ता!"

सव्वासातला मुलगी झाली. बापाच्या डोळ्यांत पाणी. "मावशी, हिचं नाव टेक्लेच ठेवतो."

"नाव नको रे, मत दे," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

घरी पोचतो तोच स्तोन्कुसचा फोन आला. "एका बाळापायी अख्खा मतदारसंघ घालवलात, मॅडम!"

"तुमच्या आईंना विचारा," मावशी म्हणाल्या, "तुमच्या वेळी सुईण रेडिओवर निघून गेली असती तर त्या काय म्हणाल्या असत्या," आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

रविवारी मतदान झालं. रापोलासला सहा हजार नऊशे अकरा मतं पडली आणि मावशींना सहा हजार चारशे अठ्ठ्याण्णव. चारशे तेरा मतांनी त्या पडल्या. देशभर आमच्या पक्षाचं पानिपत झालं होतं. त्या मानाने हे पुष्कळच, असं सगळे म्हणत होते. मीही सोमवारी तेच बोलायला गेलो. त्या चर्चच्या माडीवर, ऑर्गनशेजारच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या.

"मला खरंच वाटलं होतं रे, मी निवडून येईन," त्या म्हणाल्या. "संसदेत घालायला राखाडी बूट घेऊन ठेवलेत. कुणाला दाखवले नाहीत." मग म्हणाल्या, "प्रत्येक दारात खायला घातलं त्यांनी. मला वाटलं, खायला घालतायत म्हणजे मतही देतील."

मी शेजारी बसलो. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

गुरुवारी त्यांनी मला पुन्हा गाडी काढायला लावली. "रापोलासकडे चल."

तो अंगणात लाकडं फोडत होता. त्याने कुऱ्हाड टाकली आणि हात पुसत पुढे आला. मावशींनी एक जाडजूड फाईल त्याच्या हातात दिली.

"पाच वर्षांत कुठल्या गावातली कोण, कुठल्या रस्त्याने, किती वेळात पोचली, सगळं यात आहे. वाटेत दोघी गेल्या, त्यांची नावं पहिल्या पानावर आहेत. वर भाषण लिहून ठेवलंय. तुझ्या पक्षाचं जे काय घालायचं ते घाल, पण आकड्यांना हात लावू नकोस."

रापोलासने तिथेच उभ्या उभ्या दोन पानं वाचली. "तुझ्या पक्षाचे लोक तुला खातील, टेक्ले."

"खाऊ देत. चिवट लागेन मी त्यांना."

"बरं, आत ये. चहा तरी घे."

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज मला तुझा राग आहे."

डिसेंबरात त्याने ते भाषण संसदेत वाचलं, जवळजवळ शब्दन् शब्द. ते कुणी लिहिलं, हेही त्याने सांगून टाकलं. स्तोन्कुसच्या मंडळींनी मावशींना पुढची दोन वर्षं एकाही बैठकीला बोलावलं नाही. पण आमचा प्रसूती विभाग आणखी चार वर्षं चालला. त्या चार वर्षांत तिथे सहाशेच्या वर मुलं जन्मली. कोत्रिना आजींचा पणतूही त्यातलाच. मग मावशी निवृत्त झाल्या, आणि पुढच्या वसंतात विभागाला कुलूप लागलं. तेव्हा रापोलासचंही काही चाललं नाही.

आता मावशींनी ऐंशी ओलांडली आहे. अजून गायला येतात आणि मी लय ओढतो म्हणून माझ्याशी भांडतात. मत अजूनही त्याच पक्षाला देतात, आणि मतदान करून आल्या की माझ्या स्वयंपाकघरात बसून तासभर त्याच पक्षाला शिव्या घालतात.