बुलाकचं पथ्य

मेंदूचा झटका आल्यापासून क्रिसान्तोला स्वतःच्या मुलींची नावं आठवत नव्हती, पण जेवताना टेबलाखाली घास टाकायचं मात्र तो विसरत नसे. खाली बुलाक बसलेला असे, कापसासारखा पांढरा कुत्रा. भाजलेल्या डुकराची चरबीदार कातडी, कांदा-लसणातलं मटण, हाडंसुद्धा. घटकाभराने क्रिसान्तो पुन्हा कळवळून बायकोला म्हणे, "नानय, याला कुणी काही घातलंच नाही गं!"

एस्तेर हसून सोडून द्यायची. मुली झाल्यापासून ती दोघं एकमेकांना नानय आणि तातय, म्हणजे आई आणि बाबा, म्हणत. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या रस्त्यांवर जन्मभर ट्रायसिकल, तिकडची तीनचाकी रिक्षा, चालवलेला तिचा नवरा. आता त्याच्याकडे करण्यासारखं उरलं होतं ते एवढंच.

मग बुलाक ओकायला लागला. पाठ वाकवून कण्हायचा, पोटाला हात लावू देईना. जुलाबात रक्त दिसलं तशी एस्तेरने त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"खायला काय घालता?"

एस्तेरने खरं ते सांगितलं.

"चरबीने स्वादुपिंड सुजलंय," बाई सलाईन लावत म्हणाल्या. "यापुढे मऊ भात आणि उकडलेली कोंबडी. तेल नाही, मीठमसाला नाही, हाडं नाहीत. पुन्हा असं झालं तर वाचेल याची खात्री नाही."

जेवणाच्या वेळी ती बुलाकला परसात बांधू लागली. तो तिकडे केकाटायचा आणि इकडे क्रिसान्तो ताटाला शिवायचा नाही.

"मुक्या जिवाला उपाशी मारतेस? कोण आहेस तू?"

मुलगी फोनवर म्हणाली, "देऊन टाक ना कुत्रा कुणाला तरी." एस्तेरने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिने एकाच भांड्यात तिघांचा भात शिजवला, कोंबडी नुसत्या पाण्यात उकडली आणि बुलाकला सोडलं.

"हे काय आजाऱ्याचं जेवण?"

"हो तातय, आजपासून हेच."

क्रिसान्तोने तोंड वाकडं केलं, मांसाचा एक तुकडा चाचपून घेतला आणि खाली टाकला. बुलाकने तो मटकावला.

हळूहळू जुलाब थांबले. कुत्रा जगला, पण रोडावला तो रोडावलाच. सणाला शेजारीण भाजलेल्या डुकराचं ताट घेऊन आली. एस्तेरने ते दारातूनच आत नेलं आणि चुलीपाशी उभ्याउभ्या, भिंतीकडे तोंड करून, चोरासारखं खाल्लं. बाहेरून नवरा कुणाला तरी सांगत होता, "आमच्या हिला पूर्वी छान स्वयंपाक यायचा हो."

तिने बोटं धुतली. वास राहिला असेल म्हणून पुन्हा धुतली.