कोरं कापड

समोर कुठलंही कापड आलं की काका ते अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचे. पलंगाची चादर, खिडकीचा पडदा, डॉक्टरांच्या कोटाची बाही. एकदा तर माझा शर्ट, तो माझ्या अंगात असताना. "आधी चोळून पाहाव, मंग बोलाव," म्हणायचे. गांधीबागेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि सगळं जग आपल्याला खोटा माल विकायला टपलंय, अशी त्यांची खात्री होती. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचो. काका आमचे पेशंट. त्यांच्या घोट्याचं ऑपरेशन झालं होतं, टाके निघाले होते, आता पक्कं प्लास्टर घालायचं होतं. डब्यातल्या तयार पट्ट्या मुंबईहून यायच्या आणि महाग पडायच्या. स्वस्तात हवं असेल तर आम्ही विरळ कापडात प्लास्टरची पूड चोळून पट्ट्या वळायचो. काकांना दोन्हींचा संशय.

"डब्यात जुना माल नसन कशावरून? अन् तुह्या पट्टीचा कपडा कोनाच्या दुकानातला? उरला तं तू घरी नेशीन!"

शेवटी त्यांनी आपल्याच दुकानातून विरळ मलमलीचं ठाण मागवलं. "पाह्य, कसा कडक माल आहे. पाय हालनार नाही."

मी चोळून पाहिलं. कापड कोरं होतं, खळीनं ताठ. कोरं कापड पाणी पीत नाही आणि पाणी मुरल्याशिवाय प्लास्टर धरत नाही. कडक म्हणजे अस्सल, हा दुकानातला हिशेब ते पायाला लावत होते. मला सगळं कळत होतं. पण ते 'घरी नेशीन' फार झोंबलं होतं.

"बरोबर आहे न गा?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. आणि त्यांनी विश्वास ठेवला.

आठ दिवसांत प्लास्टर घोट्यापाशी तडकलं. आत हाड सरकलं होतं. पुन्हा ऑपरेशनला काका तयार होईनात, आणि पाय कायमचा वाकडा राहिला. मी प्लास्टर कापलं तेव्हा आतली पूड कोरडीच निघाली. त्यांनी एक तुकडा चोळून पाहिला.

"कपडा माहाच होता," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "तुले समजलं होतं काय गा?"

मी होकारार्थी मान हलवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, आजही वाटते.

त्या दिवाळीत ते लंगडत दवाखान्यात आले. काखेत मऊ पडलेलं ठाण. "घरी धुतला, दोनदा. ज्याले डबा झेपत नाही, त्याच्यासाठी ठेव." मग दरवर्षी यायचे. "माह्यावर इश्वास ठेवू नोको. चोळून पाह्य," म्हणायचे, आणि मी चोळत असताना माझ्या बोटांवरची नजर हलवायचे नाहीत.

एका दिवाळीत त्यांचा मुलगा आला.

"बाबा पावसाळ्यात गेले. ठाण द्यायचं सांगून ठेवलं होतं त्यांनी. पाहा, कसा कडक माल आहे."

मी चोळून पाहिलं.

"भाऊ, कापड कोरं आहे," मी म्हणालो. एवढंच मला त्या दिवशी म्हणायला हवं होतं.