चाकणच्या गोदामातून सुनेचे दगड आणताना

घरपोच देतो म्हणणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याने सकाळी फोन केला, माल चाकणला उतरलाय, येऊन घेऊन जा. सून वैशाली कॉलेजात, मुलगा शिफ्टला. डोकं तिथेच तापलं. म्हटलं, मीच जातो.

माल म्हणजे दगड. वैशाली पीएचडी करते. चंद्रपूरकडच्या एका खाणीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्याचा गाळ दगड होऊन बसलाय. त्यात ऑस्ट्रॅकॉड नावाचे दगड झालेले जीव सापडतात, तिळाहून लहान, दोन झाकणांचे. झाकणांचा आकार, बिजागरी, वरचे खळगे बघून ती जात ठरवते. मी सातवी शिकलेला, पण एवढं तिने मला समजावलंय की खालचा गाळ आधीचा, वरचा नंतरचा. म्हणून तिने प्रत्येक थराची वेगळी कापडी पिशवी केली होती, आत चिठ्ठी घालून.

काळेवाडीहून जाणाऱ्यांनी भोसरीला बस बदलावी आणि पाणी जवळ ठेवावं. मोशीच्या पुढे कंटेनरच्या मागे बस उभी राहते ती राहतेच. मला सारखं वाटत होतं, गोदाम बंद होईल. चाकणला उतरून मिसळ खाल्ली, तिखट होती, चव कळली नाही. तिथून रिक्षाचं भाडं आधी ठरवा, मीटर कुणी टाकत नाही.

गोदामात मुकादम हसत पुढे आला. दोन पोती दाखवली, तोंडं सुतळीने शिवलेली.

"पिशव्या कुठायत?"

"भिजून फाटल्या व्हत्या, काका. आमी समदं दोन पोत्यांत भरलं. एक खडा सांडला न्हाई."

"आणि आतल्या चिठ्ठ्या?"

"त्यांचा लगदा झालता. टाकला."

"अरे, कुठला दगड कुठल्या पिशवीतला, कसं कळणार आता?"

"वजन बरोबर हाय की. करा काटा."

मागून एक हमाल म्हणाला, "काका, दगडाची कंपनी काढताय का राव?"

मी खूप बोललो. इथे लिहिण्यासारखं नाही. मुकादम ऐकत राहिला, मग त्यानेच पोती उचलून मी भाड्याने केलेल्या टेम्पोत ठेवली. इतक्या जपून ठेवली की मला आणखी राग आला. कामचुकार असता तर पिशव्या तशाच फाटक्या पाठवल्या असत्या, आणि थर तरी वेगळे राहिले असते.

वैशाली घरी आली, पोतं उसवून बघितलं आणि ओट्याशी जाऊन भांडी घासायला लागली.

पुढच्या रविवारी तिने काही खडे सोड्याच्या पाण्यात भिजवले, बारीक चाळणीत धुतले आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एक कण उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मला बोलावलं. घेवड्याच्या दाण्यासारखा आकार, अंगभर खळगे. देखणा होता.

"जात कळली?" मी विचारलं.

"कळली, बाबा. पण ही आधीची की नंतरची, ते नाही सांगता येणार. मला तेच तर सांगायचं होतं."

"परत जाऊन आणू. मी येतो."

"खाणीत फोन केला होता. ज्या भिंतीत ते थर होते, ती तोडून खडी केली त्यांनी."

असा माल पाठवायचा असेल तर ट्रान्सपोर्टला देऊ नका, स्वतः उचलून आणा. प्रवासातून मी एवढंच शिकलो, आणि ते तिच्या उपयोगाचं नाही. रोज संध्याकाळी ती काचपट्टीवर एकेका जातीचं नाव लिहिते. नावाखाली थराची जागा मोकळी सोडते. मी चहा ठेवायला जातो तेव्हा मला तेवढीच दिसते.