नावं की नंबर

ऐकू न येणाऱ्या मुलांची एक लहान शाळा आमची संस्था सांगलीकडच्या एका गावात चालवते. अकरा वर्षं मी संस्थेचा बिनपगारी सचिव आहे. शाळेत बावीस मुलं. त्यातली नऊ फाट्यावर एसटीतून उतरतात आणि पुढचा सव्वा किलोमीटर रस्त्याच्या कडेनं चालत येतात. मागून उसाचा ट्रॅक्टर आला तर हॉर्न त्यांना कळत नाही. म्हणून एक वापरलेली पण धड गाडी घ्यायची ठरली, आणि कमी पडणारे अडीच लाख ऑनलाइन लिलावातून उभे करायचे ठरले. कल्पना माझी होती. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आमचे देणगीदार विखुरलेले. कुणी फौजेत, तर कुणी विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं शुद्ध करून देण्याची दुकानं घेऊन लांबच्या शहरांत बसलेले. एका मांडवात ही माणसं येणार नव्हती, फोनवर येणार होती. मी चाळीस वस्तू मिळवल्या. घोंगडी, हळद, बेदाणे, माधवनगरच्या जुन्या मागावरची चादर. प्रत्येकीचा फोटो, सुरुवातीची बोली, बंद होण्याची वेळ असा तक्ता केला. तीन आठवडे, रोज कचेरीतून आल्यावर दोन तास.

मग तो आला. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. गणितात मी वर्गात पहिला, तो काठावर पास. दहावीनंतर दक्षिणेत मामाच्या गलाईच्या दुकानात गेला आणि आता स्वतःची चार दुकानं मुलांवर सोपवून परतला होता. अध्यक्षांनी त्याला बैठकीला बोलावलं आणि स्वतः उठून त्याच्यासाठी हातांची खुर्ची पुढं ओढली. अकरा वर्षांत माझ्यासाठी ती कुणी ओढली नव्हती.

माझा तक्ता त्यानं चार मिनिटं पाहिला.

"लय झकास केलायस गड्या," तो म्हणाला. "पर बोली कुणाची, ते नाव दावू नगंस. नंबर दे."

"लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

"अरं, आपलीच माणसं ती. थोरल्यानं आकडा टाकला की धाकटा त्याच्यावर टाकत न्हाई."

मी म्हणालो, सगळं उघड असलं पाहिजे. अध्यक्ष म्हणाले, "एक वस्तू लावून बघू की."

सदस्य आणि काही देणगीदार यांच्या व्हॉट्सॲप गटावर आम्ही एक घोंगडी लावली. सुरुवात एक हजार, माझा अंदाज साडेतीन हजार, मुदत एक तास. चौथ्या मिनिटाला आमच्या ऐंशीच्या घरातल्या गुरुजींनी अकराशे लिहिले. त्यानंतर एकामागून एक जोडलेले हात यायला लागले. मी मोजले, सतरा. आकडा एकही नाही. लांबच्या छावणीतून एका सुभेदारानं लिहिलं, "गुरुजी, घोंगडं तुमालाच शोभतंय." अकराशेला गेली. विणणाऱ्याची मजुरीसुद्धा त्याहून जास्त होती.

तो हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

अध्यक्ष मला म्हणाले, "सचिव तुमी. काय ते तुमीच ठरवा. पर गाडी यंदा आली पायजे."

नंबर दिले तर युक्ती त्याची ठरणार होती. नावं दाखवायच्या बाजूनं मी कागदावर सहा कारणं लिहिली. चार दिवस तो कागद समोर घेऊन बसलो. सहापैकी एकाही कारणात मुलं नव्हती.

बायको म्हणाली, "आवं, किती येळ बघताय त्या कागदाकडं? एकदा त्याच्या खुर्चीत बसून या, म्हंजे सुटाल."

पाचव्या दिवशी मी नंबर घातले.

लिलावाच्या वेबपानावर नोंद करील त्याला नंबर आपोआप पडे. यादी फक्त माझ्याकडं, आणि लिलाव संपेपर्यंत ती उघडायची नाही हा नियमही माझाच. रविवारी दहा ते पाच बोली नुसत्या धावत होत्या. दुपारी गुरुजींचा फोन आला. "कोण रं ह्यो बत्तीस नंबर? लय कडू हाय!" आवाजात राग नव्हता, जत्रेतली मजा होती.

वडिलांची फौजेतली ट्रंक मी दिली होती. ती दोन हजार दोनशेवर अडली. त्यानं पहिल्या दुकानातला सोनं तोलायचा पितळी काटा दिला होता. तो चढतच गेला. आता थांबावा असं मला वाटत होतं, हे कबूल करतो. एक्केचाळीस नंबरनं तो नऊ हजार चारशेला घेतला.

पाचनंतर यादी उघडली. बत्तीस नंबर गुरुजींचा सख्खा पुतण्या. एक्केचाळीस आमच्या घरातला फोन.

मी स्वयंपाकघरात गेलो. "एक्केचाळीस तू?"

"व्हय. माज्या भिशीचं पैसं हाईत."

"त्याचाच काटा घ्यायचा होता?"

"देखणा हाय," ती कणीक मळत म्हणाली. "आन नाव दिसत असतं तर घेतला असता व्हय? तुमचं हे तोंड बघायला?"

एकूण दोन लाख एकाहत्तर हजार झाले. गटावर अध्यक्षांनी त्याच्या युक्तीचं कौतुक लिहिलं. त्याखाली पुन्हा जोडलेले हात. या वेळी मी मोजले नाहीत.

अहवाल मला लिहायचा होता. आधी लिहिलं, 'बैठकीतील चर्चेनुसार नावांऐवजी नंबर वापरले.' त्यात एक शब्द खोटा नव्हता. अर्धा तास तसंच ठेवलं. मग ती ओळ खोडून लिहिलं, 'नंबर वापरण्याची सूचना', आणि पुढं त्याचं पूर्ण नाव. त्याच्या खाली, 'लिलावाची कल्पना व आखणी: सचिव.'

अध्यक्षांची सही घेण्याआधी दोन्ही ओळींतलं अक्षर सारख्याच मापाचं आहे ना, ते मी तपासलं.