बाप आला की रडणारं मूल

माझा थोरला मुलगा जन्मल्यानंतर पहिले दोन-अडीच महिने मला पाहून रडत असे. पाहून म्हणणंही बरोबर नाही. मी ओट्यावर चपला काढतो न काढतो तोच आतून त्याचा सूर लागायचा, आणि मी निघून एसटीत बसेपर्यंत तो चालूच राहायचा. मी गेल्यावर मात्र तो गाढ झोपायचा, असं मला पुढच्या खेपेला न चुकता सांगितलं जाई. सांगणाऱ्यांना वाटे की त्यामुळे मला बरं वाटेल.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी तेव्हा बार्शीला भावी शिक्षकांना मानसशास्त्र शिकवत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त लाज याच गोष्टीची वाटते.

बायको सातव्या महिन्यातच पहिल्या बाळंतपणासाठी सोलापूरला माहेरी आली होती. माहेर पूर्व भागात. राहत्या घराला लागूनच सासऱ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्यात सहा यंत्रमाग. त्यांवर दिवसरात्र पाळ्यांत चादरी निघत. आमचं घराणंही विणकरांचंच, घरात तेलुगूच बोलायचं, पण माझे वडील मास्तर झाले आणि मी जन्मलो तेव्हा घरात मागाची खुंटीसुद्धा उरली नव्हती. त्यामुळे मुलगी बघायला त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा कोणीतरी माझ्या कवटीत खिळे ठोकतंय असं मला वाटलं. मी नकळत कानांवर हात ठेवले. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि लगेच शेडकडे तोंड करून ओरडले, "ए, बंद करा रे! पावणे आलेत!"

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. जावई आला की माग बंद. दिवाळसणाला बंद, राखी पौर्णिमेला बंद. जावयाला कोणी सोन्याची अंगठी देतो, कोणी सायकल देतो. माझ्या सासऱ्यांनी मला शांतता दिली आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. "आपला जावई शिकलेला माणूस हाय. त्याला डोकं चालवायला लागतंय," असं ते गल्लीभर सांगत.

ती शांतता मात्र विचित्र होती. घरातली सगळी माणसं जन्मभर मागांच्या आवाजावरून बोललेली. माग बंद झाले तरी त्यांचा आवाज काही खाली यायचा नाही. मी पानावर बसलो की हातभर अंतरावरून सासूबाई विचारत, "भात वाढू का?" आणि ते रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जाई. सुरुवातीला मला वाटायचं, या सगळ्यांचा माझ्यावर राग आहे. मी माझे अपराध आठवत जेवायचो.

मुलगा झाला आणि मी दर रविवारी सकाळच्या एसटीने सोलापूरला येऊ लागलो. पहिल्या रविवारी तो रडला तेव्हा सगळे हसले. दुसऱ्या रविवारी कोणी फारसं हसलं नाही. तिसऱ्या रविवारी शेजारच्या बाई मुद्दाम बघायला आल्या. शेडमधून बाहेर पडून ओट्यावर विड्या पेटवणारे कारागीर मला पाहून एकमेकांना म्हणाले, "आले मास्तर. आता भोंगा वाजतोय बघ." तेवढ्यात आतून भोंगा वाजला.

"बापाला बघून असं रडणारं पोर मी तर बघितलं न्हाय बाई," शेजारच्या बाई म्हणाल्या. "मागच्या जन्मीचं काहीतरी असतंय एखाद्याचं."

"गप बसा तुमी," सासूबाई म्हणाल्या आणि मीठ-मोहऱ्या आणायला आत गेल्या. दृष्ट बाळाची काढायची की माझी, यावर थोडा वाद झाला. शेवटी दोघांची काढली. मिरच्यांच्या धुराने मी खोकत होतो, बाळ रडत होतं आणि सासूबाई म्हणत होत्या, "बघा, किती होती!"

मग एका जाणत्या माणसाचा सल्ला आला की बापाने काही दिवस मुलाचं तोंड थेट बघू नये, तेलात बघावं. पितळी परातीत तेल ओतलं. मेव्हण्याने बाळाला माझ्या खांद्यामागून पुढे धरलं. मला तेलात एक उघडं तोंड दिसलं, बाकी काही नाही. त्या तेलाचं पुढे काय केलं ते मी विचारलं नाही. त्या दिवशी भजी मात्र होती.

मी शिकलेला माणूस. मी शास्त्रीय मार्गाने निघालो. आम्ही वर्गात शिकवायचो की एखाद्या गोष्टीबरोबर दुसरी गोष्ट वारंवार आली की मेंदू त्यांची गाठ मारून ठेवतो. घंटा आणि अन्न असं दोन-चार वेळा झालं की कुत्र्याच्या तोंडाला नुसत्या घंटेने पाणी सुटतं. म्हणजे माझ्यातल्या कशाशी तरी बाळाने भीतीची गाठ मारली असणार. ते काय, हे शोधायचं. आधी मिशी काढली. बाळ रडलं. मग चष्मा काढून ठेवला. बाळ रडलंच, शिवाय मी अंगणातल्या गटारीत पाय घातला. मग दंतमंजन बदललं. मग एका रविवारी आल्या आल्या मेव्हण्याची लुंगी आणि बनियन चढवून, डोक्याला सासऱ्यांचं तेल चोपडून आत गेलो, म्हणजे वासही घरचाच यावा. बाळ इतकं रडलं की सासरे म्हणाले, "तुमचे तुमीच बरे होता."

एक गोष्ट मला त्यातल्या त्यात धीर देऊ शकली असती. शनिवार हा वीज मंडळाने ठरवून दिलेला बंदचा दिवस असे, त्या दिवशी मागांना वीज नसे. शनिवारीही बाळ दिवसभर रडतं, असं बायको म्हणाली. मी आशेने विचारलं, "मग माझ्यामुळेच असं कशावरून?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच त्या ओरडल्या, "उद्या बाप येणार हे कळतंय की त्याला!"

आणि मला ते पटलं. मानसशास्त्राच्या शिक्षकाला ते पटलं. कारण माझ्याजवळ एक कारण आधीपासून तयार होतं, जे मी कोणाला सांगितलं नव्हतं. दिवस राहिल्याचं बायकोने सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं होतं, "इतक्यात कशाला?" आमची खोली लहान, नोकरी नवी, मी घाबरलो होतो. ती भाकरी थापत राहिली. आता मला वाटू लागलं की ते वाक्य पोटात ज्याने ऐकायला नको होतं त्याने ऐकलं आहे. वर्गात मी फळ्यावर मेंदूची आकृती काढायचो आणि कानाजवळच्या भागावर खडू टेकवला की हात थांबायचा.

शेवटी बायकोनेच एकदा हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या घरच्या मानाने हळू, मला म्हटलं, "तुम्ही दोन-चार रविवार नका येऊ. तो पार दमून जातो. दूध पीत नाही त्या दिवशी." बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. ती स्वतःही दमलेली होती. माझ्या मुलाची तब्येत आणि माझं येणं, यांतलं एकच काहीतरी चालणार होतं.

पुढच्या रविवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो, पण ठरवून गेलो की पुढच्या दाराने जायचंच नाही. सात रस्त्याच्या चौकापासून चालत निघालो. मागच्या बोळातून, शेडच्या कडेने, जिथे सुताच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या असत, तिथून खिडकीतून एकदा लांबून बघायचं, मूल धडधाकट आहे एवढी खात्री करून घ्यायची आणि परत फिरायचं. स्वतःच्या मुलाला बघायला मी चोरासारखा वाकून चाललो होतो. शेडमध्ये सगळे माग चालू होते. त्या खडखडाटात माझ्या पावलांचं कोणाला काय कळणार?

मागच्या खोलीत तुळईला साडीची झोळी टांगली होती. बायको न्हाणीत होती. झोळीतून एक पाय बाहेर आला होता. मला राहवलं नाही, मी मागच्या दाराने आत शिरलो. मुलगा जागा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी श्वास रोखून उभा राहिलो, आता रडेल, आता रडेल. तो बघत राहिला. मिशी परत वाढलेली होती, चष्मा नाकावर होता, अंगाला एसटीचा वास होता. मी त्याला उचललं. त्याने माझ्या सदऱ्याचं बटण धरलं आणि डोळे मिटून घेतले. जमीन मागांमुळे थरथरत होती, झोळीची दोरी थरथरत होती, आणि तो माझ्या दंडावर झोपला.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. दारात मेव्हणा आला, मला पाहून दचकला आणि आनंदाने ओरडला, "अल्लुडु! अहो, जावई मागनं आलेत!" लगेच शेडमधून सासऱ्यांची हाक आली, "बंद करा! बंद करा रे!"

माग एकेक करून थांबत गेले. पहिला थांबला तेव्हा मुलाच्या भुवया हलल्या. तिसरा थांबला तेव्हा त्याने डोळे उघडले. पाचव्याला ओठ वाकडा झाला. सहावा थांबला आणि भोंगा वाजला.

"चालू करा!" मी ओरडलो. त्या घरात मी पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात बोललो. "मामा, माग चालू करा!"

सासरे हातातलं तेलाचं फडकं घेऊन दारात आले. "न्हाय न्हाय, असं कसं? तुमी आल्यावर?"

"तो मला बघून नाही रडत. माग थांबले म्हणून रडतो."

"काय बोलता? शांततेला कोण रडतंय?"

"पोटात असल्यापासून त्याने हाच आवाज ऐकलाय. ही शांतताच त्याला नवीन आहे."

आज याविषयी वाचतो तेव्हा कळतं की मेंदू कायमच्या आवाजाची दखल घेणं सोडून देतो. पुढच्या क्षणी काय ऐकू येणार याचा तो अंदाज बांधून ठेवतो, आणि अंदाज बरोबर आला की गप्प बसतो. अंदाज चुकला की जागा होतो. मग ती चूक आवाजाची असो की आवाज नसण्याची. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही, पण घड्याळ बंद पडलं की आपण मान वर करतो, हे उदाहरण मी दर वर्षी वर्गात देत असे. मुलं ते लिहून घेत.

सासऱ्यांना घड्याळ पटलं नाही. म्हणून माग चालू केले. मूल गप्प झालं. बंद केले. रडलं. परत चालू, परत बंद. ओट्यावर गल्ली जमली. एक कारागीर म्हणाला, "मालक, बटण तुमच्या नातवाला जोडा की." बायको ओल्या केसांनी येऊन उभी राहिली आणि हसू लागली. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

सासरे मात्र हसले नाहीत. ते हळूहळू खाली बसले. "म्हणजे हे पोर इतके दिवस माझ्यापायी उपाशी रडलं," ते म्हणाले. मी म्हटलं, तसं नाही, चूक माझी, कान मी झाकले होते. ते म्हणाले, बंद मी केले. मी म्हटलं, मानसशास्त्र मी शिकवतो. आमच्यात बराच वेळ असा वाद चालला आणि दोघांपैकी कोणीही माघार घ्यायला तयार नव्हता. सासूबाईंना वेगळीच काळजी. "पण जावई घरात आन् हे माग हाकत बसलेत, असं लोक म्हणतील त्याचं काय?"

यावर सासऱ्यांनी तोडगा काढला. मान ठेवायचाच, तर पुरता ठेवायचा. कोपऱ्यात बरेच दिवस बंद पडलेला जुना माग होता, ज्याचा आडवा धागा नेणारा धोटा मध्येच उडून बाहेर पडायचा, तोही त्यांनी स्वतः तेल घालून चालू केला. सात माग एकदम सुरू झाले. भांडी फळीवर सरकू लागली. मी जेवायला बसलो. मूल डाव्या मांडीवर झोपलेलं होतं. सासूबाईंनी वाकून काहीतरी विचारलं, मला काहीच ऐकू आलं नाही, मी मान हलवली आणि त्यांनी पानात तिखटजाळ शेंगाचटणीचा डोंगर वाढला. मी तो सगळा खाल्ला. पाय कधीचा बधिर झाला होता. बायको हातांनी विचारत होती, घेऊ का त्याला? मी ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि ताटात बघत राहिलो.