घोडेडॉक्टर आणि माझ्या दीडशे तलंगा

घोडेडॉक्टर घोड्याला 'अहो' म्हणत आणि घोड्याच्या मालकाला 'अरे'. "काय राजे, पोट दुखतंय ना तुमचं?" असं घोड्याला विचारून झालं की ते मालकाकडे वळत. "काय रे, काय खायला घातलंस यांना?" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येई. मालकाला मात्र येत नसे.

उमेदीची वर्षं त्यांनी लष्करात, घोड्या-खेचरांच्या दवाखान्यात काढली होती. तिथून सुटल्यावर ते आमच्या भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात लागले. "मी पदवीवाला डॉक्टर नाही हो, हाताखाली शिकलेला माणूस आहे," हे ते प्रत्येकाला पहिल्या भेटीतच सांगून टाकत. लोक ऐकून घेत आणि डॉक्टरच म्हणत. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, पायात लष्करी बूट आणि बुडाखाली कुरकुरणारी सायकल, असा हा माणूस काळेवाडीपासून थेट माणपर्यंत फिरायचा.

आम्ही काळेवाडीत राहायला आलो तेव्हा चिंचवड स्टेशनवर टांगे होते. एकदा दुपारी मी स्टेशनवरून येत होते, तर रस्त्याकडेला एक तांबडा घोडा आडवा पडलेला. मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत होता, पाय झाडत होता. टांगेवाला डोक्याला हात लावून बसलेला, आणि घोडेडॉक्टर सायकल टेकवून घोड्यापाशी वाकलेले. "डॉक्टरसाब, उठतच न्हाई वो," म्हणाला. डॉक्टरांनी आधी लीद पाहिली. मग घोड्याच्या कुशीला कान लावून बराच वेळ ऐकलं. "पोट मुकं झालंय. लोळू द्यायचं नाही, आतडं पिळून बसेल," म्हणाले. चार माणसं लावून घोडा उठवला, बांबूच्या नळकांड्यातून जवसाचं तेल आणि हिंग पाजलं आणि लगाम स्वतः हातात घेऊन ते त्याला चालवायला लागले. मी बाजार करून परत आले तरी ते चालवतच होते. कंपनीची शिफ्ट सुटली, कामगार सायकली थांबवून बघायला लागले. शेवटी घोड्याने लीद टाकली आणि त्या शेदीडशे माणसांनी मॅच जिंकल्यासारखा गिल्ला केला. डॉक्टरांनी पुन्हा कुशीला कान लावला. "बोलायला लागले राजे," एवढंच म्हणाले आणि टांगेवाल्याची ओल्या चाऱ्यावरून अशी खरडपट्टी काढली की बघे पांगले.

मग रिक्षा आल्या. टांगे एकेक करून गेले. कुठला घोडा कुठल्या गावी विकला गेला हे डॉक्टरांना तोंडपाठ होतं. घोडे संपले पण नाव राहिलं, आणि घोडेडॉक्टरांच्या वाट्याला आल्या कोंबड्या. कारण कंपन्यांमुळे अंड्यांना गिऱ्हाईक वाढलं होतं आणि ज्याला त्याला परसात पत्र्याची शेड टाकायची होती.

कोंबडी त्यांना मनापासून आवडत नसे. "कोंबडीच्या आजाराची दोनच लक्षणं," ते म्हणत. "काल होती, आज नाही." पण एकदा पत्करलं म्हटल्यावर त्यांनी त्यातही डोकं घातलं. लसीच्या बाटल्या बर्फाच्या थर्मासमध्ये घालून ते गावोगाव जात. मला म्हणाले होते, "घोडा दुखणं सांगतो वहिनी, कोंबडी लपवते. दुबळी दिसली की बाकीच्या टोचून मारतात ना. म्हणून सकाळी शेडचं दार उघडायच्या आधी बाहेर उभं राहून ऐकायचं. आवाज बदलला असेल तर आत काहीतरी झालंय."

माझ्या शेडला घरातून कुणाचाच पाठिंबा नव्हता. सासूबाई म्हणत, घाण होईल. आमचे हे म्हणत, "कर हौस. एकदा मेल्या की पुन्हा विषय काढायचा नाही." मी इरेला पेटले. खोक्यातून एक दिवसाची दीडशे पिल्लं आणली, बल्बखाली ऊब देऊन वाढवली, आणि आठ आठवडे झाले तरी एकही मरतूक नाही. अगदी एकसुद्धा! पुढच्या सोमवारी डॉक्टर येऊन मानमोडीची, कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची, लस टोचणार होते. अंडी द्यायच्या आधीच्या त्या कोवळ्या कोंबड्या, आम्ही त्यांना तलंगा म्हणतो, अशा तरतरीत झाल्या होत्या की मी दिवसातून दहा वेळा नुसतं बघायला जायची. आणि माझी फुशारकी दाखवायला मला एकच जाणता माणूस ठाऊक होता.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर दारावरून चालले होते. मी हाक मारली. "या ना, शिरा केलाय. आणि तलंगा बघून जा." ते सायकलवरून उतरलेसुद्धा नाहीत. "आज नको वहिनी. वाकडला मेलेल्या कोंबड्या फाडून बघून आलोय. मानमोडीच आहे. सोमवारी येतो, पहिलं तुमच्याकडे."

आता हे साधं, सरळ बोलणं. पण मला ते सरळ ऐकू आलं नाही. आम्ही बौद्ध. गल्लीत नवीन. मूळची गावकरी घरं आमच्याशी गोडीनं बोलत, पण आमच्या घरचं पाणी घेताना त्यांना नेमकी तहान नसे. डॉक्टर तसे नव्हते. जयभीम तेच आधी घालत, चहा बशीत ओतून फुर्रकन पीत. त्यांनीही दारातून नको म्हणावं हे मला झोंबलं. माझी जीभ मुळातच तिखट. मी म्हणाले, "का? आमच्याकडचं चालत नाही का?"

त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ते सायकलवरून उतरले. ओट्याशी बूट काढले, साबणाने हातपाय स्वच्छ धुतले, डोक्यावरूनही पाणी घेतलं. शिरा खाल्ला, दुसऱ्यांदा मागून खाल्ला. मग मी म्हटलं, "चला, तलंगा बघा." आपल्याकडे घरात शिरताना पाय धुतले की माणूस शुद्ध झाला. त्यांनाही तसंच वाटलं असेल, किंवा मला पुन्हा दुखवायला नको असं वाटलं असेल. धुतलेल्या पायांत त्यांनी तेच वाकडचे बूट चढवले आणि शेडमध्ये शिरले. रोगाच्या शेडमधले बूट दुसऱ्या शेडमध्ये न्यायचे नाहीत, ही ऐंशी वेळा लोकांना सांगितलेली गोष्ट तो माणूस त्या संध्याकाळी विसरला.

सोमवारी लस टोचून झाली, पण मंगळवारी शिंका सुरू झाल्या. मग हिरवट विष्ठा, मग लुळे पंख, मग माना पिळवटून पाठीवर. डॉक्टर रोज येत होते. "याला औषध नाही. खड्डा आणि चुना," म्हणाले आणि खड्डा स्वतः खणला. आठवड्याभरात दीडशेतल्या एकोणीस उरल्या. मी शेडच्या दारात बसून हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. घरात काय ऐकायला लागणार हे मला दिसत होतं, आणि मी त्यांच्याकडे बोट दाखवून ओरडले, "यांनी आणला रोग! यांच्या बुटांनी आणला!"

डॉक्टर चुन्याचं घमेलं खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "खरं आहे. माझ्याच बुटांवरून आला. चूक माझी."

एवढंच. मी त्यांना दारात काय म्हणाले होते, त्याबद्दल एक अक्षर नाही. आणि मीही नाही.

घरात त्यामुळे माझी बाजू राहिली. दैव आणि डॉक्टर, दोघांनी घात केला म्हटल्यावर सासूबाईंनीही जास्त ताणलं नाही. उरलेल्या एकोणीसही काढून टाकून, चार महिने शेड रिकामी ठेवून, चुना मारून मी नवी पिल्लं आणली. त्यांना लस कोणी टोचली? डॉक्टरांनीच. सकाळी लवकर, गल्ली जागी व्हायच्या आत. मीच तसं सांगितलं होतं. आता लिहितानाही लाज वाटते.

गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी मात्र त्यांना दार बंद केलं. आमच्या शेजारच्या पारूबाई, जुन्या गावकरी, चाळीस कोंबड्यांच्या मालकीण. त्या म्हणत, "डाक्टरच रोग घिऊन फिरायला लागल्यावर सांगायचं कुणाला? आमाला न्हाई टोचायची." मारुतीच्या देवळापाशी डॉक्टर लसीचा थर्मास घेऊन बसत. लस एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दोन बायका येत, तीन येत. वेळ उलटली की ते उरलेली लस शांतपणे खड्ड्यात ओतत, वर चुना टाकत आणि सायकल काढत. मी नळावरून बघायची आणि हंडा भरला की निघून यायची.

त्या हिवाळ्यात पुन्हा मानमोडी आली. माझ्या कोंबड्या टोचलेल्या होत्या, त्या राहिल्या. पारूबाईंच्या चाळीसच्या चाळीस गेल्या. त्या रडल्या नाहीत. माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "तुझ्या कशा गं ऱ्हायल्या?"

पुढच्या लसीच्या दिवशी मी पाटीत सहा कोंबड्या घालून भर दुपारी देवळापाशी गेले. पारूबाईंना हाताला धरून नेलं. चार-सहा जणी आणखी आल्या, गंमत बघायला. मी मोठ्यानं सांगितलं, "माझ्या कोंबड्या हेच टोचतात. आणि त्या वेळी हे नको म्हणत होते. मीच ओढून नेलं यांना आत."

"व्हय? मग त्ये गेलेच कशाला?" पारूबाईंनी विचारलं.

दारात मी विचारलेलं ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. डॉक्टरांनी मान वर न करता माझ्या पाटीत हात घातला आणि म्हणाले, "चला, कोंबडी धरा. बर्फ वितळतोय." पारूबाई कोंबडी धरायला पुढे झाल्या आणि प्रश्न तिथंच राहिला. बाकीच्या जणी घरी जाऊन आपापल्या कोंबड्या घेऊन आल्या, आणि त्या दिवशी थर्मास रिकामा झाला.

पुढे काही वर्षांनी ते निवृत्त झाले. लेकीकडे, साताऱ्याकडे कायमचं जायचं ठरलं तेव्हा निरोप घ्यायला आले. चहा झाला. मी विचारलं, "तेव्हाही तुम्ही गप्प राहिलात आणि देवळापाशी मलाही बोलू दिलं नाहीत. का?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "वहिनी, मी का आत आलो हे सांगायचं, तर तुम्ही मला काय विचारलंत तेही सांगावं लागलं असतं. मग त्या बायका म्हणाल्या असत्या, बघा, यांच्या डोक्यात कायम तेच असतं. तुमच्या डोक्यात ते कुणी घातलं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नसतं. त्यापेक्षा माझे बूट बरे." मग म्हणाले, "आणि चूक माझीच होती. तुम्ही विचारलंत ते बरोबर विचारलंत. उत्तर मी शिरा खाऊन दिलं होतं, तिथंच थांबायला हवं होतं. शेडमध्ये जायला नको होतं."

दोन वर्षांनी त्यांच्या लेकीचं पोस्टकार्ड आलं, ते गेल्याचं. पारूबाईंना वाचता येत नसे, म्हणून मी त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. त्या बराच वेळ पदराने डोळे पुसत होत्या. "देवमाणूस व्हता. येक चूक झाली बिचाऱ्याची," म्हणाल्या.

त्या दिवशी मी सांगितलं. शुक्रवारची संध्याकाळ, सायकल, दार आणि माझा प्रश्न, सगळं शब्दाला शब्द. पारूबाई उठून माझ्याबरोबर आमच्या घरात आल्या, चुलीपाशी पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे गं."